रोज पाणी तपासतात म्हणे, मग कधी गढूळ आणि कधी क्लोरीनचा भपकारा का?

रिकामी_बादली
नमस्कार मंडळी, पाणीखात्यातलं किंवा त्या लाईनमधलं कुणी इथे असेल तर जरा समजावून सांगा. तक्रार म्हणून धागा काढलेला नाही, आमच्याकडे पाणी एकंदरीत बरं येतं. पण कधी सकाळी नळ सोडला की क्लोरीनचा नुसता भपकारा, कधी आठवडाभर कसलाच वास नाही, आणि दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला की दुसऱ्या दिवशी हमखास लालसर गढूळ पाणी. आता गंमत अशी की पाणीखात्याचा रोजचा रिपोर्ट वेबसाईटवर असतो, तो मी मधे सहज मागचे काही महिने चाळून बघितला तर गढूळपणा ०.४ एनटीयू (हे गढूळपणा मोजायचं एकक), रेसिड्युअल म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, कॉलिफॉर्म (दूषणाची खूण समजले जाणारे जंतू) निरंक, पाणी पिण्यास योग्य. ज्या दिवशी बादलीचा तळ दिसत नव्हता त्या दिवशीही तेच, ०.४.
तर मला विचारायचंय की हे आकडे नक्की कुठल्या पाण्याचे, फिल्टर प्लांटवर रोज काय काय करतात, आणि वास आला तर पाणी चांगलं समजायचं की वाईट? शेजारी दोघं आहेत, एक म्हणतो वास म्हणजे पाणी शुद्ध, दुसरा म्हणतो वास म्हणजे विष. दोघंही ठाम.

फिल्टर_हाऊस_जुना
नोकरी सगळी फिल्टर प्लांटवर गेली, आता रिटायर आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.
आधी आकड्यांचं. तुम्ही वाचलेला ०.४ हा बहुतेक प्लांटच्या शुद्ध पाण्याच्या टाकीतला आकडा असणार, म्हणजे पाणी प्लांटमधून बाहेर पडताना. तो खरा असू शकतो आणि तुमची बादली गढूळ हेही खरं असू शकतं, त्यात विरोध काही नाही. मधे कित्येक किलोमीटर पाईप आहे. त्यावर व्हॉल्व्हवाला कुणी असेल तर तो सांगेल, मी प्लांटचं सांगतो.
रोजचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे तुरटीचा डोस. कच्चं पाणी रोज सारखं नसतं, वरच्या बाजूला पाऊस झाला की संध्याकाळी १५ एनटीयू असलेलं पाणी पहाटे दोनशेच्या वर जातं. तेव्हा जार टेस्ट लावायची. सहा काचेचे जार, प्रत्येकात एक लिटर कच्चं पाणी, प्रत्येकाला वेगळा डोस, मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू, आणि मग पातं थांबवून नुसतं बघत बसायचं. चांगल्या जारमध्ये कापसाच्या बारीक पुंजक्यासारखा फ्लॉक धरतो आणि सरळ तळाला बसतो, वरचं पाणी लखलखीत. डोस कमी असलेल्या जारमध्ये नुसतं दुधाळ राहतं. नवीन पोरांना वाटतं जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ, तसं अजिबात नाही, तुरटीने पीएच खाली येतो, पाण्यात अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) कमी असेल तर फ्लॉक धरतच नाही, मग चुना द्यावा लागतो, शिवाय जादा तुरटी पाण्यातून पुढे जाते ती वेगळीच. आता बऱ्याच ठिकाणी तुरटीऐवजी पीएसी (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराईड) वापरतात, त्याने पीएच तेवढा पडत नाही. पण जार टेस्ट चुकत नाही, ती दोन्हीला लागतेच.
दुसरं बॅकवॉश. फिल्टर म्हणजे साठ-पंच्याहत्तर सेंटिमीटर वाळू आणि खाली गोटे. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळू तुंबते, वरची पातळी चढायला लागते, मग खालून हवा आणि पाणी सोडून वाळू उलटी धुवायची. इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, ती म्हणजे नुकताच धुतलेला फिल्टर सगळ्यात खराब असतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्त, त्याच्यातून येणारं पाणी गढूळ असतं, ते वाया घालवायचं असतं किंवा फिल्टर हळूहळू सुरू करायचा असतो. घाईत हे टाळलं की गाळ सरळ शुद्ध पाण्यात.
आणि कुणी म्हणेल अर्ध्या एनटीयूने काय बिघडतं, तर अमेरिकेत मिलवॉकीला १९९३ साली काय झालं ते वाचा. शहराच्या दक्षिणेकडच्या प्लांटमधून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढत वाढत १.७ एनटीयूपर्यंत गेला. तेवढं पाणी ग्लासात घेतलं तर तुम्हाला मला स्वच्छच दिसेल, आणि तेव्हाच्या नियमात तो प्लांट बसतही होता. पण त्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब करणारा सूक्ष्म परजीवी गेला, जो क्लोरीनला दाद देत नाही, त्याला वाळूतच अडवावं लागतं. अंदाजे चार लाख तीन हजार लोक आजारी पडले. म्हणून फिल्टरवाला माणूस दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यासाठी भांडतो.

खवचट_नळ
काका माहिती छान आहे, पण ०.४ आणि ०.५ महिनोन् महिने तोच आकडा? मी कॉमर्सवाला आहे पण मलासुद्धा कळतं की खरं मोजलं तर कधी ०.३ येईल कधी ०.७ येईल. हे तर कालचं पान बघून आज उतरवल्यासारखं वाटतं.

पिपेटवाली
मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे (कुठल्या ते विचारू नका). खवचट, तुमची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कॅनडात ओंटारियोमध्ये वॉकर्टन म्हणून छोटं गाव आहे, २००० सालच्या मे महिन्यात तिथे जोराचा पाऊस झाला आणि शेणखताचं पाणी विहिरीत उतरलं, ई. कोलायचा जो वाईट प्रकार आहे ओ१५७ तो पाण्यात आला, सात माणसं गेली आणि साधारण २३०० आजारी पडली. चौकशीत निघालं की क्लोरीनची रोजची नोंद बऱ्याचदा न मोजताच लिहिली जायची, आणि आकडे ठरलेले, ०.५ नाहीतर ०.७५. म्हणून कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी आकडे किती सुंदर आहेत ते बघते. खरं मोजलेलं रजिस्टर ओबडधोबड असतं, मधेच एखादा ०.१ असतो, त्याच्यापुढे शेरा असतो, परत नमुना घेतला म्हणून दुसरी ओळ असते. सरळसोट रजिस्टर मला घाबरवतं. अर्थात रिकामी_बादलींच्या रिपोर्टमध्ये खोटंच आहे असं मी म्हणत नाही, नुसतं सरासरी काढून टाकत असतील तरी असं दिसू शकतं. पण विचारायला हवं.

आता वासाचं. दोन्ही शेजारी अर्धे बरोबर आहेत. क्लोरीन पाण्यात टाकला की तो आधी तिथली घाण खातो, सेंद्रिय पदार्थ, लोह, अमोनिया, आणि हे सगळं भागवून जो उरतो तो फ्री रेसिड्युअल, तोच पुढे पाईपभर राखण करतो. अमोनियाबरोबर मिळाला की क्लोरामाईन तयार होतात, आणि त्यातले काही प्रकार नाकाला फार झोंबतात. म्हणजे कधी कधी डोळ्यांत पाणी आणणारा भपकारा हा क्लोरीन जास्त झाल्याचा नसून पाण्याच्या मानाने कमी पडल्याचा असतो! कच्च्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की हे होतं. आणि कधी अगदी साधं कारण असतं, तुमचं घर टाकीच्या जवळ आहे, किंवा दुरुस्तीनंतर मुद्दाम डोस वाढवलाय. नाकाने हे ओळखता येत नाही, काही लोकांना ०.३ लाच वास येतो आणि काहींना १ लाही येत नाही. डब्ल्यूएचओची आरोग्याच्या दृष्टीने वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे वास आला म्हणून विष वगैरे काही नाही. खालची बाजू जास्त महत्त्वाची: क्लोरीन टाकल्यावर निदान अर्धा तास थांबून, पीएच ८ च्या खाली असताना, ०.५ तरी उरला पाहिजे, आणि शेवटच्या नळाला ०.२ च्या खाली जाता कामा नये. पीएचचा मुद्दा लोक विसरतात, ७.५ च्या आसपास क्लोरीनचं जोरकस रूप निम्मंच राहतं, अजून वर गेलं की क्लोरीन मीटरवर दिसतो भरपूर पण काम करतो कमी.

आणि मला खरं सांगायचंय ते हे. लोकांना वाटतं आमची कॉलिफॉर्मची टेस्ट म्हणजे पहारेकरी. नाही हो. नमुना आणायचा, लावायचा, इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा, १८ ते २४ तास तरी जातात, काही पद्धतींत दोन-तीन दिवस. माझा रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी शहराने पिऊन टाकलेलं असतं. म्हणजे माझी टेस्ट कालच्या पाण्याची साक्ष देते. आजच्या पाण्याची साक्ष मिनिटभरात देतो तो क्लोरीनच. कालपर्यंत ज्या नळाला ०.४ होता तिथे आज ०.१ आला तर एक तर डोस कमी पडलाय नाहीतर वाटेत कुणीतरी त्याला खाल्लंय, चौकशी करायलाच हवी. प्लांटवर कितीही आला त्याचं कौतुक मला कमी, लांबच्या टोकाच्या नळाला किती आला ते सांगा.

रिकामी_बादली
ताई हे एकदम नवीन होतं माझ्यासाठी. म्हणजे वासाची भीती नको आणि वास नसण्याची पण चौकशी करायची. नमुना कसा घेतात ते सांगाल का? आमच्याकडे एकदा एकजण येऊन बाटली भरून गेला, अर्ध्या मिनिटात काम.

पिपेटवाली
अर्ध्या मिनिटात होत नाही ते काम! बॅक्टेरियाच्या नमुन्याला निर्जंतुक बाटली लागते आणि तिच्यात आधीपासून चिमूटभर सोडियम थायोसल्फेट असतं. ते का, तर नमुन्यातला क्लोरीन तिथल्या तिथे मारायला, नाहीतर लॅबला येईपर्यंत तो जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट उगाच छान येतो. म्हणून ती बाटली विसळायची नसते, आणि नेमकी तीच लोक सवयीने विसळतात. नळाची जाळी काढायची, तोटी पुसायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, धातूची तोटी असेल तर ज्योतीने तापवायची, परत वाहू द्यायचं, मग बाटलीचं झाकण हातातच धरून, खाली न ठेवता, तोंड नळाला न लावता भरायची, आणि वर थोडी जागा सोडायची. मग बर्फाच्या डब्यात, शक्यतो सहा तासांत लॅबला, फार तर चोवीस. क्लोरीन मात्र तिथेच उभं राहून मोजायचा, बाटलीत भरून आणलेल्या पाण्याचा क्लोरीन मोजण्यात काही अर्थ नाही. डीपीडी (क्लोरीन मोजायचं रसायन) ची गोळी टाकली की गुलाबी रंग, जितका गडद तितका क्लोरीन. जुनी पिवळ्या रंगाची ओटी (ऑर्थोटॉलिडीन) टेस्ट अजून काही ठिकाणी चालते, पण ते रसायन आरोग्याला चांगलं नाही आणि आकडाही भरवशाचा नाही. एक मजा, क्लोरीन भयंकर जास्त असेल तर डीपीडीचा रंग उडून जातो आणि पाणी बिनरंगाचंच दिसतं, नवखा लिहून मोकळा होतो निरंक म्हणून. नळीत गोळी टाकताना पहिल्या क्षणी गुलाबी चमक येऊन गेली का तेवढं बघायचं, शंका आली तर नमुना पातळ करून परत.

चावीवाला_नंबर_दोन
मी डिस्ट्रिब्युशनचा माणूस. फिल्टरवाले आणि लॅबवाले आपापलं सांगून गेले, शिव्या मात्र आम्हाला बसतात कारण बादली आमच्या पाईपमधून भरते 😄
शटडाऊननंतर लाल पाणी का येतं ते सांगतो. पाईपच्या आत वर्षानुवर्षं गंज आणि बारीक गाळ बसलेला असतो, पाणी रोज एकाच दिशेने एकाच वेगाने जातं तोवर तो गप्प पडून असतो. लाईन रिकामी केली आणि परत भरली की पाण्याचा धक्का बसतो, कधी उलट्या दिशेने भरते, आणि सगळं खवळून वर येतं. लाल म्हणजे लोखंड, काळपट असेल तर बहुतेक मँगनीज. यावर इलाज भरताना चावी हळू खोलणं, एअर व्हॉल्व्हमधून हवा निघू देणं आणि वॉशआऊट (लाईनमधलं पाणी बाहेर काढायची चावी) उघडून पहिलं पाणी बाहेर सोडणं, पण वरून फोनवर फोन येत असतात की पाणी कधी सोडताय, मग चावी गरागरा फिरते.
गढूळ पाणी दिसतं तरी, खरी भीती न दिसणाऱ्याची. लाईनमध्ये प्रेशर असेल तोपर्यंत लिकेजमधून पाणी बाहेर जातं. प्रेशर गेलं की तेच भोक आत ओढायला लागतं, आणि खड्ड्यात पाईपच्या शेजारी काय साचलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं तिथे हे रोज होतं, त्यात लोक लाईनला थेट मोटार लावतात म्हणजे अजून ओढ. हुबळी-धारवाडला काही भागात चोवीस तास पाणी आणि बाकीच्या भागात थांबून थांबून, म्हणजे एकाच शहरात दोन्ही, तिथे संशोधकांनी नमुने घेऊन तुलना केलेली आहे, थांबून येणाऱ्या पाण्यात जंतूंचं दूषण जास्त सापडलं, आणि पाणी सुटल्यावर सुरुवातीचं पाणी जास्त खराब. म्हणून पहिलं पाणी पिण्याला भरू नका, भांडी-लादीला वापरा, एवढं तर करता येतं.
दुरुस्तीचं पण लिहितो कारण तिथेच जास्त गोची होते. खड्ड्यातलं पाणी पाईपच्या खाली जाईपर्यंत उपसायचं, मगच पाईप कापायचा. जोडाचे तुकडे, कॉलर, सगळं एक टक्का हायपोक्लोराईटने (क्लोरीनच्या द्रावणाने) पुसून बसवायचं. नवीन लाईन असेल तर २५ पीपीएम (म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम) क्लोरीनचं पाणी भरून चोवीस तास ठेवायचं, नंतर किमान १० उरला पाहिजे, मग ते काढून टाकायचं, धुवायचं, नमुना पास झाला की जोडायचं. पुस्तकात असंच आहे. प्रत्यक्षात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची मूठ पाईपमध्ये भिरकावून "झालं" म्हणणारे पण बघितलेत. आणि ती पावडर तरी ताजी असावी ना, ताज्या पावडरीत तीस-पस्तीस टक्के क्लोरीन असतो, पोतं उघडं दमट गोडाऊनमध्ये पडलं की महिन्या-दोन महिन्यांत पार उतरतो, मग तुम्ही हिशोब ३० ने करा नाहीतर कशाने.

खवचट_नळ
चावीवाले दादा, एक बाळबोध प्रश्न. एवढा गाळ असतो माहीत आहे तर दरवर्षी सगळ्या लाईन फ्लश का करत नाही?

चावीवाला_नंबर_दोन
करतात की, जिथे करतात तिथे. पण नुसतं टोकाचा वॉशआऊट उघडून ठेवणं म्हणजे फ्लशिंग नव्हे. बाजूच्या चाव्या बंद करून पाणी एकाच बाजूने ओढावं लागतं, गाळ खरवडून निघायला सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेग लागतो, आणि सुरुवात स्वच्छ बाजूने, टाकीकडून टोकाकडे. उलट केलं तर न धुतलेल्या लाईनचा गाळ धुतलेल्या लाईनमध्ये. डेड एंड (लाईनची बंद टोकं) असतात तिथे पाणी पडून राहतं, क्लोरीन मरतो, तिथली यादी वेगळी ठेवायची आणि तिथे जास्त वेळा सोडायचं. चाव्या वर्षातून एकदा तरी पूर्ण फिरवून बघायच्या, नाहीतर गरजेला ती जॅम झालेली असते आणि छोट्या कामाला अर्ध्या भागाचं पाणी बंद.
आणि फ्लशिंगच्या आधी टाकी बघायची, हे मी मुद्दाम लिहितोय. अमेरिकेत मिसुरी राज्यात गिडियन म्हणून हजार-अकराशे वस्तीचं गाव, १९९३ साल. पाण्याला चव-वास येतो म्हणून लोकांनी तक्रार केली, खात्याने चांगल्या मनाने सगळ्या गावाच्या लाईन फ्लश केल्या. आता फ्लशिंगला भरपूर पाणी ओढलं जातं, ते उंच टाकीतून आलं, आणि टाकीत पक्ष्यांची घाण पडलेली होती. पाण्यात क्लोरीन घालतच नव्हते. साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू गावभर गेला, सहाशेच्या वर लोक आजारी आणि सात मृत्यू. साफसफाईच्या नावाखाली. म्हणून आधी टाकीवर चढायचं, झाकण बसतंय का, हवेच्या पाईपला जाळी आहे का, ओव्हरफ्लोला जाळी आहे का. ही जाळी फाटलेली असणं हा मी बघितलेला सगळ्यात कॉमन दोष.

फिल्टर_हाऊस_जुना
जाळीबद्दल शंभर टक्के सहमत. एकच पुरवणी, टोकाला क्लोरीन पोचत नाही म्हणून प्लांटवरच डोस वाढवत जायचा हा सोपा मार्ग वाटतो पण त्याने जवळच्यांना भपकारा आणि लांबच्यांना तरीही काही नाही. शिवाय सेंद्रिय घाण असेल तर जादा क्लोरीनने ट्रायहॅलोमिथेन (क्लोरीन आणि सेंद्रिय घाण मिळून होणारी नको ती रसायनं) वाढतात. मधल्या टाकीवर बूस्टर डोस द्यावा, प्लांटवर बेताचा ठेवावा. रिकामी_बादली, तुमचं घर कुठल्यातरी टाकीच्या अगदी पायथ्याशी आहे का? कधी वास कधी काहीच नाही हे मला बूस्टर हाताने चालवत असल्यासारखं वाटतंय, शिफ्टचा माणूस बदलला की डोस बदलतो.

रिकामी_बादली
काका, टाकी खरंच जवळ आहे, चालत पाच मिनिटं! सगळ्यांचे आभार. आता शेवटचं, घरात आरओ आहे आणि सोसायटीत एकाने टीडीएस मीटर आणलाय, तो सगळ्यांच्या घरी जाऊन आकडे सांगत फिरतो. त्याचा काही उपयोग?

पिपेटवाली
टीडीएस मीटर विरघळलेले क्षार मोजतो, म्हणजे खरं तर विजेची वाहकता मोजून अंदाज देतो. जंतूंबद्दल तो अवाक्षर काढत नाही. सांडपाणी मिसळलेलं पाणी टीडीएसला छान दिसू शकतं आणि स्वच्छ बोअरचं पाणी वाईट. पैसे घालायचेच असतील तर क्लोरीनची डीपीडी किट घ्या. आरओचं म्हणाल तर मशीनमध्ये आधी कार्बन असतो, तो क्लोरीन काढूनच टाकतो, म्हणजे त्यापुढचं पाणी बिनराखणीचं, मशीनची टाकी आणि तोटी स्वच्छ नसेल तर चांगलं पाणी तिथे बिघडतं. सर्व्हिसिंग वेळेवर करत असाल तर ठेवा, नसाल तर उपयोगापेक्षा उपद्व्याप. आणि सोसायटीची खालची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा, त्या मीटरवाल्याला त्याच कामाला लावा.

चावीवाला_नंबर_दोन
किट आणलीत तर एक लक्षात ठेवा, सोसायटीच्या टाकीनंतरच्या नळाचं मोजू नका, ते तुमच्या टाकीचं माप झालं. मीटरजवळ थेट लाईनवर एक नळ असतो, तिथलं घ्या. पाणी सुटल्या सुटल्या एकदा आणि तासाभराने एकदा, वेळ आणि तारीख लिहून. पहिलं गढूळ असेल तर आधी गढूळपणा जाऊ द्या, नाहीतर रंग नीट कळत नाही. सलग काही दिवस ०.२ च्या खाली आलं तर वॉर्डच्या ऑफिसात कागद घेऊन जा, तोंडी सांगू नका, आणि तुमच्या भागातला टोकाचा नमुना कुठल्या नळाला घेतात ते लेखी मागा. बऱ्याचदा तो टाकीच्या गेटवरचाच नळ निघतो.

रिकामी_बादली
किट मागवली. मीटरजवळचा नळ गंजून बसलाय, प्लंबरला बोलावतोय. आकडे आले की इथेच टाकतो.